ब्रेक्झिटनंतर स्कॉटलंड-वेल्स आणि लंडन यांच्यात कायद्यांवरून नेमका वाद काय आहे?

तुमचा प्रश्न असा आहे की ब्रसेल्सकडचे, म्हणजे युरोपीय संघाकडचे अधिकार ब्रिटनला परत मिळाले, तर स्कॉटलंड आणि वेल्स लंडनवर, म्हणजे ब्रिटनच्या केंद्र सरकारवर का चिडलेत? आणि हा आपल्याकडच्या केंद्र-राज्य वादासारखाच प्रकार आहे का? मी स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिनबरात राहतो आणि हा विषय सुरुवातीपासून पाहत आलोय. माझं मत आधीच सांगतो: स्कॉटलंड-वेल्सची तक्रार रास्त आहे.

1998 च्या कायद्यांनी स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला स्वतःची विधिमंडळं मिळाली. शेती, पर्यावरण असे विषय त्यांच्याकडे आले. पण याच विषयांवर युरोपचे नियम सगळ्यांना सारखेच लागू होते, त्यामुळे एडिनबरा आणि लंडन फारसे आमनेसामने येत नव्हते. ब्रेक्झिटमुळे 2020 च्या अखेरीस ते छप्पर गेलं.

विधिमंडळांच्या अखत्यारीतल्या विषयावर लंडनने त्यांच्या संमतीशिवाय सहसा कायदा करू नये, असा एक संकेत आहे. त्याला सेवेल कन्व्हेन्शन म्हणतात. 2016 मध्ये तो स्कॉटलंडच्या कायद्यातही घातला गेला. पण जानेवारी 2017 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा राजकीय संकेत आहे, तो पाळायला लावणं न्यायालयाचं काम नाही. मग व्हायचं तेच झालं. मे 2018 मध्ये स्कॉटिश विधिमंडळाने युरोपीय कायद्यांबाबतच्या लंडनच्या विधेयकाला 93 विरुद्ध 30 मतांनी संमती नाकारली, तरी लंडनने ते मंजूर केलं. त्याआधी मार्चमध्ये स्कॉटलंडने याच विषयावर स्वतःचं विधेयक मंजूर केलं होतं. लंडनने ते न्यायालयात नेलं, आणि निकाल येण्याआधीच स्वतःचा कायदा करून टाकला. त्या नव्या कायद्यामुळेच स्कॉटिश विधेयकातली बरीचशी कलमं अधिकारकक्षेबाहेर ठरली! खेळ चालू असताना नियम बदलणं याहून वेगळं काय असतं?

2020 च्या इंटर्नल मार्केट ॲक्टला तर वेल्सनेही संमती नाकारली, आणि तिथे सरकार ब्रिटन एकसंध ठेवू पाहणाऱ्या लेबर पक्षाचं होतं. त्यामुळे हे फक्त स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यवाद्यांचं रडगाणं आहे असं म्हणता येत नाही. हा कायदा म्हणतो की ब्रिटनच्या एका भागात जो माल कायदेशीरपणे विकता येतो, तो दुसऱ्या भागातही विकता आला पाहिजे. व्यापाऱ्यांच्या सोयीचं आहे हे मान्य, कारण स्कॉटलंडचा सर्वात जास्त व्यापार उरलेल्या ब्रिटनशीच आहे. पण परिणाम काय झाला ते बाटल्यांच्या योजनेत दिसलं.

स्कॉटलंडने 2020 मध्येच नियम केले होते: बाटली किंवा कॅन घेताना 20 पेन्स अनामत भरा, रिकामी परत केली की पैसे परत. प्लॅस्टिक, धातू आणि काच, तिन्ही त्यात होतं. पण नव्या कायद्यामुळे इंग्लंडमधून आलेली बाटली अनामत न घेताही विकता आली असती, म्हणून लंडनकडून सूट मागावी लागली. मे 2023 मध्ये सूट मिळाली ती काच वगळून, शिवाय अनामतीची रक्कम बाकीच्या ब्रिटनशी जुळवून घ्यायची अट घालून. तेव्हा इंग्लंडची योजना सुरूही झालेली नव्हती. जूनमध्ये स्कॉटलंडने योजना पुढे ढकलली आणि ती चालवण्यासाठी उभी केलेली कंपनी बुडाली. तारखा आधीही लांबल्या होत्या, त्यात एडिनबराचा ढिसाळपणा होताच. तरी काचेचं काय करायचं हे ठरवण्याचा अधिकार विधिमंडळाचा होता. आता ती योजना ऑक्टोबर 2027 मध्ये, काचेशिवाय, इंग्लंडबरोबरच सुरू व्हायची आहे.

2023 च्या युरोपीय कायदे रद्द करण्याच्या विधेयकात तर हजारो नियम त्या वर्षअखेरीस आपोआप संपणार होते, आणि मुदत वाढवण्याचा अधिकार फक्त लंडनच्या मंत्र्यांना होता, मग नियम स्कॉटलंडच्या अखत्यारीतला का असेना. शेवटी मे महिन्यात लंडनच्या तेव्हाच्या व्यापारमंत्री केमी बेडनॉक यांनी ती तरतूद बदलून सुमारे 600 कायद्यांची यादी दिली, पण मंत्र्यांचे बाकी अधिकार राहिलेच.

आता तुमची तुलना. आपल्याकडे संविधानाच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या याद्या आहेत. संसदेने राज्यसूचीत हात घातला तर राज्य सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतं आणि न्यायालय तो कायदा रद्द करू शकतं. ब्रिटनमध्ये लंडनच्या संसदेचा कायदा कुठलंही न्यायालय रद्द करू शकत नाही, स्कॉटलंडचा मात्र करू शकतं. त्यामुळे वाद दिसायला सारखा असला तरी तमिळनाडू किंवा महाराष्ट्राच्या हातात जे हत्यार आहे, ते एडिनबरा आणि वेल्सची राजधानी कार्डिफ यांच्याकडे नाही. संमतीचा हा संकेत न्यायालयात बजावता येईल असा कायदा होत नाही तोवर लंडनमध्ये सरकार कुणाचंही आलं तरी ही भांडणं होत राहणार.