जुन्या लॅपटॉपवरून नव्यावर फाइल्स आणि सेटिंग्ज कशा न्याव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्यावर विंडोज १०, नवा विंडोज ११चा. फोटो आणि फाइल्स पेन ड्राइव्हने नेता येतील, पण सेटिंग्ज, बुकमार्क, पासवर्ड, जुने मेल यांचं काय? सगळं एका फटक्यात उचलून नेणारं काही आहे का?

फुकटात आणि एका फटक्यात तरी नाही. विंडोज ७च्या काळात ईझी ट्रान्स्फर नावाचं बरं साधन होतं, विंडोज १० आलं तेव्हा ते गुंडाळलं. आता विंडोज बॅकअप नावाचं अ‍ॅप आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर वॉलपेपर, भाषा, वाय-फायचे पासवर्ड अशा बारीकसारीक गोष्टी ते नव्यावर आणतं. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डर वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीत, चढवतं, पण तिथे फुकट जागा ५ जीबी, म्हणजे एका लग्नाच्या फोटोंनाही पुरणार नाही. प्रोग्रॅमसुद्धा नेणारी विकतची सॉफ्टवेअर मिळतात. मला ती आवडत नाहीत, कारण वर्षानुवर्षांचा कचराही सोबत येतो. मी हाताने करतो. एक संध्याकाळ आणि कॉपी चालू ठेवायला एक रात्र लागते.

दिसणाऱ्या फाइल्सचं फार काही सांगायला नको. पेन ड्राइव्हऐवजी एक्स्टर्नल डिस्क घ्या. ती फॅट-३२ प्रकारात फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीहून मोठी एकही फाइल घेणार नाही, आणि मोठे व्हिडिओ नेमके तिथे अडतात. एक्सफॅट किंवा एनटीएफएस हवं. यूएसबी २च्या पोर्टवर सेकंदाला ३०-४० एमबी जातात, म्हणजे ३०० जीबीला अडीच तास, आणि हजारो बारक्या फाइल्स असतील तर त्याहून बराच जास्त वेळ. कट-पेस्ट अजिबात करू नका, कॉपीच करा.

एक सापळा मात्र आहे. जुन्यावर वनड्राइव्ह चालू असेल तर काही फाइल्सच्या नावाशेजारी ढगाचं चिन्ह दिसेल. ती फाइल तुमच्या डिस्कवर नाहीच, फक्त तिची पाटी आहे. नव्यावर त्याच खात्याने लॉगिन करणार असाल तर प्रश्न नाही. नाहीतर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, सगळं उतरू द्या आणि मगच कॉपी करा.

खरं घोडं पेंड खातं ते सेटिंग्जपाशी. मागच्या वेळी मी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स सगळं इमानेइतबारे कॉपी केलं, फोल्डरचे आकडे दोन्हीकडे जुळवून पाहिले आणि तिसऱ्याच दिवशी जुना लॅपटॉप फॉरमॅट करून भाच्याला देऊन टाकला. मग नव्यावर वर्ड उघडलं तर पानभर लाल रेघा. आठ वर्षं 'अ‍ॅड टू डिक्शनरी' करत जमवलेली माणसांची आडनावं, कामातल्या संज्ञा, सगळी वर्डला पुन्हा अनोळखी. ती यादी 'कस्टम डॉट डिक' नावाच्या काही केबींच्या फाइलीत असते. २०० जीबी नेले आणि त्या काही केबी राहिल्या.

ही फाइल अ‍ॅपडेटा नावाच्या फोल्डरमध्ये असते. तो सी ड्राइव्हवर युजर्समध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात असतो, पण लपवलेला, त्यामुळे हिडन फाइल्स दाखवायचा पर्याय चालू केल्याशिवाय दिसत नाही. आत रोमिंग, त्यात मायक्रोसॉफ्ट. तिथला 'यूप्रूफ' म्हणजे शब्दांची यादी, 'टेम्प्लेट्स' म्हणजे वर्डची तुमची मांडणी, 'सिग्नेचर्स' म्हणजे आउटलुकच्या मेलखालच्या सह्या. पिवळ्या स्टिकी नोट्स याच अ‍ॅपडेटात लोकल, पॅकेजेस अशा वाटेने खोल 'प्लम' नावाच्या फाइलीत असतात. स्टिकी नोट्समध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं तर त्या आपोआप नव्यावर येतात, तो मार्ग सोपा. अख्खा अ‍ॅपडेटा डिस्कवर घेऊन ठेवा, पण नव्यावर जसाच्या तसा ओतू नका. लागेल ते तेवढं उचला.

ब्राउझरचं वेगळं आहे. क्रोमचा फोल्डर नुसता कॉपी केला तर बुकमार्क येतात, पासवर्ड येत नाहीत. ते जुन्या विंडोजमधल्या तुमच्या युजर खात्याच्या किल्लीने कुलूपबंद असतात, नव्या मशीनकडे ती किल्ली नाही. म्हणून जुना चालू आहे तोवरच सिंक करून घ्या किंवा पासवर्ड एक्स्पोर्ट करा. एक्स्पोर्टची फाइल साध्या मजकुराची असते, कुणीही उघडून वाचेल. काम झालं की ती दोन्ही लॅपटॉपवरून आणि डिस्कवरूनही उडवा, रिसायकल बिन रिकामा करायला विसरू नका. फायरफॉक्स इथे सरळ आहे, त्याचा प्रोफाइल फोल्डर नेला की पासवर्डसकट सगळं येतं.

मेल ब्राउझरमध्येच वाचत असाल तर हा परिच्छेद सोडून द्या. आउटलुकमध्ये पॉप पद्धतीचं (मेल सर्व्हरवरून आपल्या डिस्कवर उतरवून घेणारं) खातं असेल तर जुने मेल बहुधा सर्व्हरवर उरलेले नसतात, तुमच्या डिस्कवरच्या पीएसटी फाइलीतच असतात. अकाउंट सेटिंग्जमध्ये 'डेटा फाइल्स'वर क्लिक केलं की ती कुठे आहे ते दिसतं. आउटलुक बंद करून मग ती कॉपी करा. ओएसटी फाइल दिसली तर तिच्या नादी लागू नका, सर्व्हरवरून ती पुन्हा तयार होते.

जुने मराठी दस्तऐवज असतील तर फॉन्टही पाहा. कृतिदेव, शिवाजी असे युनिकोडपूर्व फॉन्ट नव्यावर नसले तर तुमचं पत्र इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट टाकला की मजकूर परत दिसतो. विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर तर पाहाच, पण अलीकडे फॉन्ट फक्त एका युजरपुरताही टाकता येतो, तो पुन्हा त्या अ‍ॅपडेटातच लपलेला असतो.

प्रोग्रॅम फाइल्स हा फोल्डर कॉपी करून उपयोग नाही. प्रोग्रॅमची निम्मी बाडबिस्तरं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत असतात, ती सोबत येत नाहीत. यादी करा आणि नव्याने इन्स्टॉल करा. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर आधी जुन्यावर डिअ‍ॅक्टिव्हेट करा. हिशेबाची किंवा दुकानाची जुनी सॉफ्टवेअर आपला डेटा थेट सी ड्राइव्हवर स्वतःच्या नावाचा फोल्डर करून ठेवतात, तिथेही नजर टाका.

आणि जुन्याची डिस्क काढून नव्याला जोडायचा बेत असेल तर त्याआधी बिटलॉकर, म्हणजे अख्खी डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी लिहून घ्या, नाहीतर डिस्क हातात असून आत जाता येणार नाही.

एवढं झालं की जुना लॅपटॉप बंद करून महिनाभर कपाटात ठेवा. काहीतरी राहिलेलं असतंच, आणि ते गरज पडेपर्यंत आठवत नाही. महिनाभर त्याला हात लावायची वेळ आली नाही तर रीसेट करा. त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून पुढे 'क्लीन डेटा' चालू करा, नुसत्या साध्या रीसेटने पुसलेल्या फाइल्स पुन्हा काढता येऊ शकतात. भाच्याला द्यायचा तो त्यानंतर.