नाव खोडलं, तरी गाव ओळखतं

अगं, जातीय अत्याचाराच्या घटना नोंदवताना पीडिताचं नाव खोडलं की ओळख लपली, असं समजू नकोस. ज्या गावात मातंगांची दोनच घरं आहेत, तिथं गाव, जात आणि 'विहिरीवरून मारहाण' एवढं लिहिलंस तरी तालुक्याला कळतं कोण ते. अहवालात गावाऐवजी जिल्हा घाल, तारखेऐवजी वर्ष. आकडा एक-दोनच असेल तर शेजारच्या जिल्ह्यात मिळव.

प्रत्येक केसला नुसता क्रमांक दे. नावांची वही वेगळी, कुलपात. एफआयआरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुळीच नाही (पहिल्या वर्षी ही घोडचूक मीच केली होती).

पोलिसांनी नोंदवून न घेतलेल्या घटनाही टिप. देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या एनसीआरबीच्या आकड्यांत त्या येतच नाहीत. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं कलम १५अ आलं. आदेशात, निकालपत्रात साक्षीदाराचं नाव-पत्ता गुप्त ठेवा, असा अर्ज विशेष न्यायालयात करता येतो. हे पीडितांना आणि साक्षीदारांना सांग, बहुतेकांना माहीत नसतं. बलात्काराची केस असेल तर पीडितेची ओळख छापणं हाच गुन्हा.

आणि संमती एकदाच घेऊन मोकळी होऊ नकोस. आज हो म्हणणारी बाई आरोपी जामिनावर सुटला की नको म्हणेल. तेव्हा नोंद काढून टाक, कारण विचारत बसू नकोस.