विज्ञानकथेतली कल्पना प्रत्यक्षात कशी उतरते?

लेखकाने कथेत रंगवलेलं यंत्र पुढे खरंच कसं तयार होतं, असं तुम्ही विचारलंय. मी चोपडा तालुक्यात मोटार-स्टार्टर दुरुस्त करतो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो: कथेतून हौस मिळते, स्पेअर पार्ट मिळत नाही. तो येईपर्यंत कल्पना पडून राहते.

इंग्रज विज्ञानकथालेखक एच. जी. वेल्स यांनी १९१४ च्या कादंबरीत अणुबॉम्ब टाकले होते. लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाने ती वाचली १९३२ मध्ये. नेमका त्याच वर्षी न्यूट्रॉन हा अणूतला बारीक कण सापडला. त्याच्यावर विद्युतभार नाही, त्यामुळे अणूच्या गाभ्यात तो विनाअडथळा शिरतो. हा झाला पार्ट! १९३३ मध्ये लंडनच्या रस्त्यावर झिलार्डला साखळी अभिक्रिया सुचली: एक न्यूट्रॉन आत, दोन बाहेर, त्या दोनांचे चार. पण हे कोणत्या मूलद्रव्यात होईल ते त्यालाही माहीत नव्हतं. युरेनियम फुटतं हे कळायला १९३८ चा डिसेंबर उजाडला आणि ही साखळी प्रत्यक्ष चालवणारी शिकागोची अणुभट्टी चालली २ डिसेंबर १९४२ ला.

विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्कचं उदाहरण मला जास्त आवडतं. १९४५ मध्ये त्याने उपग्रहांवरून जगभर प्रक्षेपणाची योजना मांडली (कथेत नाही, तांत्रिक लेखात). जवळपास ३६,००० किलोमीटर उंची बरोबर सांगितली. पण तिथे माणसं राहतील असं धरलं. तेव्हा व्हॉल्व्हचा, म्हणजे रेडिओतल्या काचेच्या नळ्यांचा जमाना, ते उडाले की बदलणार कोण? पुढे व्हॉल्व्हचं काम करणारा छोटा, टिकाऊ ट्रान्झिस्टर आला आणि माणसांची गरजच उरली नाही.

आमच्याकडे तर कथेशिवायच झालं. केळीला पाणी हवं, पण मोटारीला लागणारी थ्री फेज वीज यायची रात्री. 'लाइट उनी का?' (वीज आली का?) विचारत बॅटरी घेऊन अंधारात मळ्यात जायचं, सापाची भीती वेगळी. मग ऑटोस्विच आले. लाइट येताच सगळ्या मोटारी एकदम चालू आणि डीपी (मळ्याजवळचा ट्रान्सफॉर्मर) जळालीच म्हणून समजा. मोबाइल स्वस्त झाले तेव्हा कुठे सिमकार्डवाला स्टार्टर आला. घरून फोन लावा, मोटार चालू.

मी स्वतःच घरच्या मळ्यात बसवलाय. बाबा फोन लावतात, 'मोटार चालू झाली आहे' ऐकतात, आणि लगेच शेजारच्या मळ्यातल्या आप्पांना फोन करून विचारतात, पाणी पडतंय ना?