मीटर हिरवा, पासवर्ड मात्र कच्चा

प्रश्न : मी इंग्रजी ‘ड्रॅगन’ या शब्दाचा पासवर्ड केला होता. पहिलं अक्षर कॅपिटल, ‘ए’च्या जागी ॲटचं चिन्ह, ‘ओ’च्या जागी शून्य, शेवटी 2015 आणि उद्गारचिन्ह. एका साइटवर पासवर्डची ताकद दाखवणारा मीटर हिरवागार झाला, दुसरीने त्यालाच ‘कमजोर’ म्हटलं. कोणाचं खरं मानायचं?

उत्तर : दुसरीचं. (पासवर्ड बदलल्याचं तुम्ही कळवलंत, म्हणूनच इथे छापला.)

पहिल्या मीटरने फक्त अक्षरं मोजली. 11 चिन्हं, प्रत्येक जागी कीबोर्डवरचे 95 पर्याय, म्हणून सुमारे 72 बिट. एक बिट वाढला की अंदाज दुप्पट लागतात, त्यामुळे 72 हा आकडा भक्कम वाटतो. पण हे गणित चिन्हं चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तरच लागू पडतं. तुम्ही तर शब्द निवडलात.

आता पासवर्ड फोडणाऱ्याच्या बाजूने मोजू. त्याच्याकडे फुटलेल्या पासवर्डांच्या याद्या असतात. 2009 मध्ये रॉकयू या कंपनीचे 3 कोटींहून जास्त पासवर्ड उघड्यावर आले, तेव्हापासून माणसं काय निवडतात हे गुपित राहिलेलं नाही. ‘ड्रॅगन’ अशा याद्यांत वरच सापडतो. पहिले 100 शब्द घ्या. कॅपिटल आहे-नाही, 2. ‘ए’ आणि ‘ओ’ बदलले-न बदलले, 4. साठेक वर्षं, दहाएक शेवटची चिन्हं. गुणाकार 4 लाख 80 हजार, म्हणजे जेमतेम 19 बिट. पासवर्डची ताकद अशी मोजायची: फोडणाऱ्याच्या रांगेत तुमचा नंबर कितवा?

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका संस्थेने लेखी परवानगी देऊन तपासणीसाठी बोलावलं होतं. कर्मचाऱ्यांच्या पासवर्डांचे हॅश (खऱ्या पासवर्डऐवजी साठवलेले त्याचे गणिती ठसे) मी अंदाज करून ते ठसे जुळवणाऱ्या प्रोग्रामला दिले आणि खुर्ची पुढे ओढेपर्यंत पहिला पासवर्ड स्क्रीनवर उमटला: संस्थेचं नाव, ॲट, चालू वर्ष. त्यांच्या सगळ्या नियमांत तो बसत होता! ‘एक आकडा, एक चिन्ह हवंच’ या सक्तीचा मला तेव्हापासून राग आहे. माणसं ती सक्ती एकाच ठरावीक पद्धतीने पाळतात. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेही 2017 मध्ये अशी सक्ती करू नये, त्यापेक्षा फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहावं, असं सांगितलं.

4 लाख 80 हजार अंदाजांना वेळ किती, हे साइट पासवर्ड कसा साठवते यावर ठरतं. एमडी5 या झटपट हॅश काढणाऱ्या जुन्या पद्धतीने साठवला असेल तर एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाला डोळ्याचं पातं लवायच्या आत जमतं. बीक्रिप्टसारखी मुद्दाम संथ पद्धत असेल आणि सेकंदाला हजारच अंदाज धरले, तरी 8 मिनिटं. लॉगिनच्या पानावर खातं चार-पाच चुकांनंतर बंद होत असेल, तर हाच पासवर्ड तिथे बऱ्यापैकी टिकेल. पण हॅशची यादी चोरीला गेली, तर ते कुलूप कामाचं नाही.

नवा पासवर्ड करताना शब्द स्वतः सुचवू नका. डाइसवेअर ही फासे टाकून शब्द निवडायची पद्धत आहे, तिच्या यादीत 7776 शब्द आहेत. पाच फासे टाकले की एक शब्द मिळतो, म्हणजे जवळजवळ 13 बिट. असे पाच शब्द घेतले की 64 बिट होतात, आणि यादी फोडणाऱ्याच्या हातात असली तरी त्यातला एकही कमी होत नाही. असा पासवर्ड ‘पासवर्ड मॅनेजर’ला, म्हणजे सगळे पासवर्ड बनवून सांभाळणाऱ्या ॲपला, ठेवा; बाकीचे त्यालाच बनवू द्या.

आणि ताकद तपासायला खरा पासवर्ड कुठल्याही अनोळखी साइटवर टाकू नका. त्याच घडणीचा दुसरा करून टाका.