साहेबांना लिहून देण्याआधी

प्रश्न : मी एका खासगी कंपनीत लेखा विभागात आहे. पुरवठादारांच्या बिलांत तफावत निघाली. बिलांच्या नोंदी मी केल्या, मंजुरी वरिष्ठांची होती. मला निलंबित केलं आहे. साहेब म्हणतात, 'चूक झाली एवढं लिहून द्या, प्रकरण इथेच मिटवतो.' आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीसही आली. लिहून देऊ का? मोबाइलमधले जुने मेसेज काढून टाकू का?

उत्तर : दोन्ही करू नका.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात तुमच्याविरुद्ध चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ तसं सांगतं. साहेबांच्या केबिनमध्ये लिहून दिलेल्या कागदाला मात्र हे संरक्षण नाही. धमकी किंवा आमिष दाखवून तो लिहून घेतला, हे पुढे मांडता येतं, पण बंद दारामागचं बोलणं दाखवून देताना माणूस मेटाकुटीला येतो. शिवाय एकदा गुन्हा दाखल झाल्यावर 'इथेच मिटवणं' साहेबांच्या हातात उरलेलंच नाही. राजीनाम्याचा आग्रह झाला तरी त्याच बैठकीत सही करू नका. 'विचार करून लेखी कळवते' म्हणा आणि बाहेर पडा. त्याच दिवशी ईमेल पाठवा : कोण हजर होतं, काय मागितलं गेलं.

मेसेज जसेच्या तसे ठेवा. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि मंजुरी कोणी दिली हे सांगणारे मेसेज कदाचित त्यातच असतील! कंपनीच्या फाइली स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. त्यावरून वेगळा ठपका येतो. मंजुरीच्या नोंदींच्या प्रती लेखी मागा.

नोटिशीला घाबरू नका, पण ती टाळूही नका. ठरल्या दिवशी हजर राहिलात, तर कारणं नोंदवल्याशिवाय त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. तारीख अडचणीची असेल तर आधी लेखी कळवून पोच घ्या. स्वतःला गुन्ह्यात गोवणारं उत्तर देण्याची सक्ती नाही. हा संविधानाच्या अनुच्छेद २०(३) चा हक्क आहे, आणि तो पोलिसांच्या चौकशीतही लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये नंदिनी सत्पथी प्रकरणात म्हटलं. खोटं मात्र सांगू नका. तपासात नोंदवलेल्या जबाबावर सही करायची नसते. जाण्याआधी वकिलांना भेटा, अटकपूर्व जामिनाची गरज आहे का तेही विचारा.

कंपनीच्या खात्यांतर्गत चौकशीचा हिशेब वेगळा. तिथे गप्प बसलात तर चौकशी एकतर्फी पूर्ण होऊ शकते, आणि तिथे फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही. दोषारोपपत्र आलं की मुदतीत उत्तर द्या, आरोप मोघम नाकारा, कागदपत्रं आणि बचाव सहाय्यक (चौकशीत तुमची बाजू मांडायला मदत करणारी व्यक्ती) मागा. कंपनीची बाजू कायद्याचा जाणकार मांडत असेल, तर तुम्हालाही वकील मागता येतो. दोन्हीकडे आरोप तेच असतील आणि गुंतागुंतीचे असतील, तर खटला संपेपर्यंत ही चौकशी थांबवण्याची विनंती करता येते. पॉल अँथनी प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ चा निकाल त्यासाठी वापरतात. स्थगिती हमखास मिळेल असं समजू नका.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. नोटिशीतल्या तारखेच्या आधीच जा.