वाचकांचे प्रश्न : ‘हात लावू नका’ आणि ‘छातीशी धरा’

प्रश्न : माझी मुलगी ३०व्या आठवड्यात जन्मली. जन्मवजन १,२५० ग्रॅम होते, आज ती बारा दिवसांची आहे. तिच्या अंगावरून हात फिरवला की अतिदक्षता विभागातील सिस्टर मला थांबवतात. कालपासून मात्र त्याच सिस्टर ‘कांगारू’ पद्धतीने तिला छातीशी धरायला सांगतात. सासूबाईंना भीती वाटते की ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीतून (इनक्युबेटर) काढल्यावर तिला गारठा लागेल. शिवाय तोंडात दुधाची नळी आहे. यातले नेमके काय ऐकावे?
— एक आई, सातारा

उत्तर : दोन्ही ऐकावे, कारण सिस्टर आपल्याला स्पर्शापासून दूर ठेवत नसून स्पर्शाची रीत शिकवत आहेत. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाची त्वचा अतिशय पातळ आणि मज्जासंस्था अपरिपक्व असते, त्यामुळे आपण मायेने हळुवार फिरवलेला हातही त्याला सोसत नाही. श्वासाची लय बिघडते, कधी रक्तातील ऑक्सिजन उतरतो आणि मॉनिटर वाजू लागतो. म्हणूनच अनुभवी परिचारिका लंगोट बदलणे, तापमान पाहणे, कूस बदलणे ही कामे शक्यतो एकाच वेळी उरकतात आणि मग बाळाला सलग झोपू देतात. पेटीत हात घालायचाच असेल तर एक तळवा डोक्यावर, दुसरा दुमडलेल्या पायांवर ठेवून तो स्थिर राहू द्या. गर्भात होता तसा आधार बाळाला त्यातून मिळतो.

कांगारू पद्धतीतला स्पर्श असाच स्थिर आणि सलग असतो. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा ही पद्धत सुरू झाली. आज मात्र ती नाइलाजाची सोय राहिलेली नाही. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असे धरल्याने मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाकाठी ८ ते २४ तास सुचवते.

सासूबाईंची काळजी रास्त आहे, कारण थंडी हा या बाळांचा खरोखरच शत्रू आहे. पण आईच्या उघड्या छातीची ऊब बाळाला पुरते. अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि मोजे ठेवावेत, बाळ दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवून किंचित वर, म्हणजे श्वासमार्ग मोकळा राहतो. वरून कापड बांधावे. एका वेळी निदान तासभर तरी धरावे. सारखे काढघाल केल्यानेच बाळ दमते. नळीची अडचण नाही. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण (गर्भारपणापासून मोजलेल्या) ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो, तोवर आपले काढलेले दूध नळीनेच जाईल, आणि ते छातीशी असतानाही देता येते.

बाळाचा रंग निळसर वाटला किंवा श्वास थांबल्यासारखा वाटला तर स्वतः हलवत न बसता लगेच सिस्टरांना हाक मारा. आपण जेवायला किंवा आंघोळीला गेलात की बाळाचे बाबा किंवा सासूबाई स्वतः तिला छातीशी घेऊ शकतात. त्यांना सर्दी-खोकला मात्र नसावा.