फवारणीच्या विषबाधेतून वाचल्यावरही मेंदूवर परिणाम राहू शकतो का?

आपण विचारले आहे की, यवतमाळकडे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेला आपला धाकटा भाऊ दवाखान्यातून बरा होऊन आला, पण आता सहा महिन्यांनी मुंबईत आपल्याकडे राहताना सांगितलेले विसरतो, क्षुल्लक कारणावरून चिडतो आणि रात्र रात्र जागा असतो. फवारणीचे औषध तोंडात गेलेच नव्हते, तर हे त्याने मनाला लावून घेतले आहे का? मी मुंबईतील एका महापालिका रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात परिचारिका होते. निदान करणे माझे काम नाही, परंतु तपासणी न करता हा दोष मनावर ढकलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोंडात गेले नाही याने फारसा फरक पडत नाही. पाठीवरचा पंप झाकणाशी गळतो, सदरा भिजतो, तो ओला सदरा दिवसभर अंगावर राहतो आणि विष कातडीतून आत जाते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात बाधित झालेले शेकडो लोक फवारणी करणारेच होते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके मज्जातंतूंमधला निरोप पोहोचवणाऱ्या ॲसिटिलकोलिनचे विघटन करणारे कोलिनएस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतात, त्यामुळे निरोप थांबतच नाही: घाम, लाळ, डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, स्नायूंची थरथर, छातीत घरघर आणि शेवटी झटके. ॲट्रोपिन या उताऱ्याच्या इंजेक्शनने छातीतला स्राव आटोक्यात येऊन जीव वाचतो, पण झटक्यांमुळे किंवा मेंदूला प्राणवायू कमी पडल्यामुळे झालेली इजा त्याने भरून निघत नाही. अशा विषबाधेतून उठलेल्या शेतमजुरांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता पुढे कित्येक महिने, काहींची तर वर्षानुवर्षे कमी राहिल्याचे वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांत आढळले आहे. चिडचिड, उदासी आणि निद्रानाशही त्यांत नोंदलेले आहेत. अर्थात, मरणाच्या दारातून परतलेल्या आणि डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाची झोप त्या धास्तीनेही उडते. दोन्ही कारणे एकत्र असणे मला अधिक संभवनीय वाटते.

केईएम किंवा नायर रुग्णालयाच्या न्यूरोलॉजी ओपीडीत सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा आणि सोबत गावच्या दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड न्यावे, कारण झटके आले होते का, व्हेंटिलेटर लावला होता का, हे त्यावरूनच कळते. फवारणीच्या औषधाची बाटली गावी असेल, तर तिच्या लेबलाचा आणि त्यावरील विषारीपणा दाखवणाऱ्या रंगीत त्रिकोणाचा फोटो मागवून घ्यावा. रक्तातील कोलिनएस्टरेजची तपासणी आता सामान्य आली, तर विषबाधेचा परिणाम नाही असे समजू नये. ते एन्झाइम तीन-चार महिन्यांत पूर्ववत होते. एमआरआयही कित्येकदा स्वच्छ येतो, म्हणून स्मरणशक्तीची सविस्तर मानसशास्त्रीय चाचणी होईल का, हे आपणहून विचारावे. पायांत अशक्तपणा किंवा मुंग्या असतील तर तेही न विसरता सांगावे, कारण काही रसायनांनी दोन-तीन आठवड्यांनंतर पायांच्या नसा बिघडतात.

सर्व अहवाल हाती येईपर्यंत त्याने फवारणीला हात लावू नये, आणि विषबाधेच्या दिवशीचे कपडे घरात असतील तर ते टाकून द्यावेत. जगण्यात अर्थ नाही असे तो बोलू लागला, तर ओपीडीच्या तारखेची वाट न पाहता टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर त्याच दिवशी फोन करावा आणि त्याला एकटे ठेवू नये.